अकरा नंबरचा डोळा

"शेंडा पुरा वाळला जी, बाई!" लच्छू वरून ओरडला.

मी बुंध्याशी उभी राहून मान मोडेस्तोवर वर बघत होते. सत्तर फुटांवर त्याचं धोतर तेवढं दिसत होतं. कमरेचा दोर झाडाभोवती होता, पायाखाली बांबूची खिट्टी होती आणि वय पंचावन्नच्या पुढे होतं. खालून सूचना देणारी मी सत्तावीस वर्षांची होते.

"हिरवी फांदी आहे का एखादी?"

"दोन हायेत. पूर्वेकडं. बारीक हायेत पन."

"डोळे कसे आहेत?"

तो फांदीवर नख मारून बघत असणार.

"झोपले हायेत," तो म्हणाला. "पन जित्ते हायेत."

माझ्या जिवात जीव आला.

एकोणनव्वदच्या एप्रिलमधली ही गोष्ट. चंद्रपूरच्या पुढे, कोसमझरी नावाच्या गावापासून दोन मैलांवर आमची सागाची बियाणे बाग होती आणि मी तिची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे काय, तर बागेत मी, तीन खोल्यांचा बंगला आणि लच्छू कुमरे. बाकीचे मजूर काम असेल तेव्हा यायचे. जंगलातल्या हजारो सागांतून वीस निवडले होते. सरळसोट वाढलेले, फाटा न फुटलेले, भरदार बुंध्याचे. छातीच्या उंचीवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारून त्यांना नंबर दिले होते. त्यांच्या फांद्यांवरचे डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, काढायचे आणि साध्या रोपांच्या अंगात बसवायचे. डोळा जगला की त्या रोपाचं डोकं उडवायचं. मग वर वाढतं ते निवडलेलं झाड, आणि ते साधं रोप खाली मुळं पुरवत राहतं. त्याला आम्ही खुंट म्हणतो.

एकोणीस सागांची कलमं बागेत उभी होती. अकरा नंबरचं एकही जगलं नव्हतं. आणि सगळ्यांत देखणा होता तो हाच. साठ फुटांपर्यंत फांदी नाही, गाठ नाही. माझ्या आधीच्या दोन साहेबांनी त्याच्यापुढे हात टेकले होते, म्हणूनच मला तो हवा होता. बाईमाणसाला जंगलात पाठवलंच कशाला, असं तोंडावर विचारणारे लोक त्या वेळी नागपूरच्या ऑफिसात होते. त्यांना दाखवायचं होतं. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, सुतळीबॉम्बसारखा.

पण अकरा नंबर मरत होता. पायथ्याचा झरा पूर्वी पाऊस पडेपर्यंत वाहायचा म्हणे. तीन वर्षं तो फेब्रुवारीतच आटत होता. झाडाची पानं मार्चऐवजी जानेवारीतच गळायला लागली होती. वरिष्ठ होते देवस्थळी साहेब. त्यांनी पत्रात लिहिलं, 'वयोमानाने झाड खंगत असावे.' हवामान बदललंय, असं तेव्हा आमच्या खात्यात कुणी म्हणत नसे. लच्छू मात्र म्हणायचा, "उन्हाळा लांबला जी. दोन्ही बाजूनं लांबला."

म्हणजे हा एकच मोसम हातात होता. पुढच्या वर्षी फांद्या वाळलेल्या असणार आणि अकरा नंबर पिवळ्या पट्ट्यासकट संपणार.

लच्छूने दोन्ही फांद्या दोराने खाली सोडल्या. आम्ही त्यांचे वीतभर तुकडे केले, टोकं मेणात बुडवली आणि ओल्या पोत्यात गुंडाळली. बैलगाडी सावलीसावलीतून हळूहळू निघाली. मी पोतं मांडीवर घेऊन बसले होते आणि दर अर्ध्या तासाने त्यावर पाणी शिंपत होते.

"यंदा खुंट चांगले हायेत, बाई," लच्छू गाडी हाकता हाकता म्हणाला. "मागच्या साली खात्याचं बी उगवलं नाही, म्हनून म्याच आनलो होतो बी. लय दुरून आनलो. तिथं खडकच हाये नुसता. माती म्हनाल तं मूठभर. तिथले साग वाकडे हायेत, ठेंगने हायेत, पन जेठात भी त्याइच्या अंगावर पान…"

"लच्छू, पाणी संपलं. पुढच्या ओढ्याला थांब."

"थांबतो जी. तं त्या टेकडीले…"

"अरे, खुंटाचं कोण विचारतं, लच्छू?" मी म्हणाले. "खुंट कुठलाही चालतो. डोळा महत्त्वाचा."

तो हसला. "बराबर हाये," म्हणाला आणि बैलांना हाकारलं. वय माझ्या बापाएवढं, पण मी त्याला अरेतुरेच करत असे. तशी पद्धत होती.

डोळे भरायचं काम दोन दिवस चाललं. खुंटाच्या सालीवर जमिनीपासून चार बोटांवर चौकोनी काप द्यायचा, तेवढ्याच मापाची डोळ्याची साल तिथे बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. लच्छूचा हात असा चालायचा की बघत राहावं. चाळीस डोळे निघाले, चाळीस खुंटांना बसले. प्रत्येक खुंटाला मी स्वतःच्या हाताने पत्र्याची चकती बांधली: ११. आता एकवीस दिवस थांबायचं होतं. एकविसाव्या दिवशी पट्टी सोडायची. साल हिरवी असली तर डोळा जगला, काळी असली तर गेला. त्याआधी सोडून बघितलं तर जगणाराही मरतो.

ते एकवीस दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. दुपारी अकरापासून चारपर्यंत बाहेर पाऊल टाकता यायचं नाही. पोस्टमन आठवड्यातून एकदा यायचा आणि त्याच्याशी बोलायला मिळावं म्हणून मी तिकिटं उगाचच एकेक करून विकत घ्यायची. आईच्या पत्रात प्रत्येक वेळी एका नव्या स्थळाची माहिती असे. रेडिओ होता, पण त्यावर नागपूरपेक्षा हैदराबादच जास्त ऐकू यायचं. एकटेपणा मी आधी कधी बघितला नव्हता, असं नाही. पण तिथला एकटेपणा वेगळा होता. आपलाच आवाज दोन-दोन दिवस ऐकला नाही की बोलताना घसा खरवडायचा.

म्हणून संध्याकाळचा चहा. पाच वाजता लच्छू खुंटांना पाणी देऊन यायचा, पायरीवर बसायचा, मी दोन पेले घेऊन बाहेर यायची. तो पायरीवर, मी खुर्चीवर. फार बोलायचो असंही नाही. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, मुलगी लग्न होऊन गेली होती. कधी तो आज कुठला पक्षी दिसला ते सांगायचा, कधी माझ्या हातचा चहा पानचट होतो असं तोंडावर सांगायचा. दिवसभर मी त्या पाच वाजण्याची वाट बघत असे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. साहेबलोकांनी असं सांगायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

बाराव्या दिवशी वावटळ आली. दुसऱ्या दिवशी एक वनमजूर सायकलवर निरोप घेऊन आला, अकरा नंबर मुळासकट पडला. लच्छू गेला आणि संध्याकाळी बुंध्याची एक गोल चकती करवतून गाडीतून घेऊन आला. ऑफिसच्या खोलीत ती भिंतीशी उभी केली.

"आता इथंच काय तो," मी खिडकीतून खुंटांकडे बघत म्हणाले.

त्या दिवशी लच्छूने चहात साखर मागितली नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी सहालाच आम्ही पट्ट्या सोडायला बसलो. पहिला काळा. दुसरा काळा. दहावा काळा. मग लच्छूने सोडायचं काम स्वतःकडे घेतलं आणि मी नुसती मागून चालत राहिले. तीस काळे. पस्तीस काळे. अडतिसावा मात्र हिरवा निघाला. पूर्ण नव्हे, पण कडेने हिरवा.

"हा जगला!"

लच्छूने वाकून बघितलं, बोट लावलं. "अर्धा हाये, बाई. अजून आठ दिवस पाहू. खुंटाचं डोस्कं आताच नका काटू."

"नाही, नाही. डोकं राहिलं तर सगळं पाणी वरच जाईल. काप."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि कापलं. उरलेले दोनही काळेच निघाले.

दुसऱ्याच दिवशी मला बैठकीसाठी नागपूरला जावं लागलं. तिथे मी जे केलं ते माझ्या वयाला आणि स्वभावाला शोभेल असंच होतं. भर बैठकीत उभी राहिले आणि सांगून टाकलं, अकरा नंबर पडला, पण त्याचं कलम माझ्या बागेत जिवंत आहे. देवस्थळी साहेबांनी टेबलावर हात आपटून "शाबास, बोरकुटे!" म्हटलं. ज्यांनी बाईमाणसाबद्दल प्रश्न विचारले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नऊ दिवसांनी मी परतले ती हवेत तरंगतच. पिशवी पायरीवर टाकली आणि थेट रोपांकडे गेले.

अडतिसाव्या खुंटाला फुटवा आला होता. बोटभर उंच, लालसर, मखमली लव असलेला, जोमदार. मी गुडघ्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं.

मग मी नीट बघितलं.

आम्ही बसवलेली चौकोनी साल होती तिथेच होती. सुकून आक्रसलेली, तपकिरी. फुटवा तिच्यातून आलेला नव्हता. तिच्या खाली अर्ध्या बोटावर, जरा बाजूने, तो खुंटाच्या स्वतःच्या सालीतून आला होता.

लच्छू मागे येऊन उभा राहिला होता.

"डोळा पाचव्या दिवशीच गेला जी," तो म्हणाला. "मंग खालून हा आला. म्या मोडनार होतो. नियमच हाये आपला, खालचा फुटवा मोडाचा. पन हात नाही चालला. एवढ्या उन्हात आला बिचारा."

माझ्या कानात नागपूरच्या त्या टाळ्या वाजत होत्या.

"तुमी सांगा," लच्छू म्हणाला. "मोडू का?"

"नको."

मी उठले, ऑफिसात गेले, नोंदवही काढली. लच्छू दाराशी आला. वहीत रकाने होते: मातृवृक्ष, डोळे भरल्याची तारीख, जगलेली कलमं, खुंट. मी मातृवृक्षाच्या रकान्यात ११ लिहिलं. जगलेली कलमं: १.

"बाई," लच्छू हळूच म्हणाला, "तो अकरा नंबर नाही जी."

"साल एक झाली असेल. डोळ्याचा अंश खाली उतरला असेल. असं होतं कधीकधी." असं कधीच होत नाही. हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

"खुंट भी झाडच हाये, बाई. वाईट नाही तो. त्याले त्याच्या नावानं लिवा."

"त्याला कुठलं नाव असतं?"

"हाये जी. त्या टेकडीले आमच्याकडं…"

मी वही मिटली. जोरात मिटली. "लच्छू, नोंद झाली. आता हा विषय नको."

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुमची वही, तुमचा हात," एवढंच म्हणाला आणि गेला.

खुंटाचा रकाना राहिला होता. तो गेल्यावर मी वही पुन्हा उघडली आणि त्यात एक शब्द लिहिला: स्थानिक.

संध्याकाळी पाच वाजता मी दोन पेले घेऊन बाहेर आले. पायरी रिकामी होती. पाण्याच्या झाऱ्या धुऊन ओळीने पालथ्या घातलेल्या होत्या. साडेपाचपर्यंत मी बसले, मग दोन्ही पेले मीच प्याले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी हाक मारली, तेव्हा तो फाटकातूनच म्हणाला, "नोको जी, घरी काम हाये." घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. काम तो आधीसारखंच करायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. त्या रोपाला तर आपल्या नातवासारखं जपायचा, काटेरी कुंपण स्वतः घातलं त्याने. फक्त माझ्यापाशी बसायचं त्याने सोडलं. मी आणखी अकरा महिने तिथे होते. एका पेल्याचा चहा करायला मी त्या अकरा महिन्यांत शिकले.

मग बढती मिळाली, अकरा नंबरमुळेच. पुण्याला गेले, डेहराडूनला गेले, निवृत्त झाले. लग्नाचं राहूनच गेलं. लच्छू गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही कुणाच्या तरी बोलण्यातून ओघात.

मागच्या वर्षी मे महिन्यात फोन आला. "मॅडम, मी सोनल गेडाम, कोसमझरीच्या बागेत संशोधक आहे." आवाज तरुण, उत्साही. तिने सांगितलं, गेल्या सहा-सात उन्हाळ्यांत बाग खलास होत आलीय. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांत बाकीच्या कलमांचे शेंडे जळतात, फुलोरा येतो आणि बी न धरताच गळतो. फक्त एक झाड उभं आहे. ऐन उन्हाळ्यातही त्याच्या काही फांद्यांवर पान असतं आणि दरवर्षी बी धरतं. त्याची हजारो रोपं करून चार जिल्ह्यांत लावायचं ठरतंय.

"तुमचा अकरा नंबर, मॅडम."

मी खुर्चीचा हात धरला.

"पण एक घोळ आहे. ऑफिसात त्याच्या मूळ झाडाची लाकडी चकती आहे ना, तिच्याशी आम्ही याचा डीएनए जुळवून पाहिला. जुळत नाही. काहीच नातं नाही दोघांत. नंबरच्या चकत्यांची अदलाबदल झाली असेल का हो?"

"मी येते," मी म्हणाले.

बंगला आता नव्हता, त्याजागी सिमेंटची इमारत होती. पायऱ्या मात्र त्याच राहिल्या होत्या. सोनलने मला झाडाकडे नेलं. चौतीस वर्षांचा साग. सरळसोट नव्हता तो. दहा फुटांवर बुंध्याला एक बाक होता आणि त्याच्यावर भलामोठा विस्तार. आजूबाजूला वाळके शेंडे आणि मधे हा, हिरवा. मी गुडघे दुखत असूनही खाली बसले आणि बुंध्याच्या तळाशी हात फिरवला. एका बाजूला साल किंचित आत ओढली गेली होती, जुन्या जखमेवर भरून आल्यासारखी. त्याच्या खालून, बाजूने, सगळं झाड वर गेलं होतं.

"हा अकरा नंबर नाही, सोनल," मी म्हणाले. "हा खुंट आहे. डोळा मेला होता. मला माहीत होतं. मी खोटी नोंद केली."

मला वाटलं, आता ऐकावं लागेल. ऐकायची तयारी करूनच आले होते. पण ती बसली माझ्या शेजारी, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे याचे भाईबंद कुठेतरी असतील, मॅडम! एका झाडावर काय भागणार? आख्खी टेकडीच अशी असेल. ती वणव्यात जायच्या आत, खाणीत जायच्या आत गाठायला हवी." तिने वही काढली, पेन उघडलं. "खुंटाचं बी कुठून आणलं होतं?"

"नोंदीत 'स्थानिक' लिहिलंय."

"हो, ते वाचलं मी. स्थानिक म्हणजे नेमकं कुठलं?"

"लच्छूने आणलं होतं. लच्छू कुमरे. दुरून आणलं, म्हणाला होता. खडक होता. टेकडीचं नाव सांगत होता तो."

"काय नाव?"

"दोनदा सांगत होता," मी म्हणाले. "मी ऐकलं नाही."

तिचं पेन तसंच राहिलं. मग आम्ही लच्छूच्या मुलीकडे जाऊन आलो. म्हातारी झालीय तीही. "बाबा आईच्या माहेरच्या, सोयऱ्याच्या, कोनाच्या ना कोनाच्या गावाले जायचे जी," ती म्हणाली. "कोनत्या टेकडीवर गेले, ते का मले सांगत बसनार होते? तुमालेच सांगत होते ना सारं. रोज चहाले बसत होते तुमच्याकडं." मी मान हलवली.

संध्याकाळी सोनल नवी चकती आणि ठोकायची अक्षरं घेऊन झाडाशी आली. जुनी ११ची चकती मी माझ्या हाताने काढली.

"काय लिहू, मॅडम?"

"कोरीच लाव."

तिने कोरी चकती लावली आणि गेली. जाताना मला चहाचा पेला देऊन गेली. पाच वाजले होते. मी जुन्या पायरीवर बसले, खुर्ची असूनही पायरीवर, आणि पर्समधून डायरी काढली. कोरं पान उघडून मांडीवर घेतलं.

"लच्छूदादा," मी म्हणाले, मोठ्याने म्हणाले, कुणी ऐकलं तर ऐकू दे. "सांगा ना. लिहून घेते मी."